दंडावरचा सेन्सर आणि इन्सुलिनचा डोस

दंडावर सेन्सर बसवला की पहिल्याच दुपारी बऱ्याच घरांत सारखंच काहीतरी घडतं. जेवून तास झालेला असतो, मोबाइलवर २३० दिसतं, घरातलं माणूस घाबरतं आणि ठेवून दिलेलं इन्सुलिनचं पेन पुन्हा बाहेर येतं. आणखी चार युनिट. मग पाचच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरू लागतात आणि साखर-पाण्यासाठी धावाधाव होते. आकडा खोटा नव्हता. पण जेवणाआधी घेतलेल्या इन्सुलिनचा निम्म्याहून मोठा भाग तेव्हा अंगात काम करतच होता. त्याला वेळ दिला असता तर चार वाजेपर्यंत शुगर बरीच उतरली असती. त्यावर आणखी चार युनिट पडली आणि दोन डोस एकमेकांवर चढले.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आजवर आलेल्या साधनांपैकी सेन्सर मला फार मोलाचा वाटतो, म्हणूनच तो नीट वापरला जावा अशी कळकळ आहे. दिवसातून चार वेळा बोट टोचलं तर चार आकडे मिळतात. दर पाच मिनिटांनी मोजणारा सेन्सर दिवसाला २८८ आकडे देतो. माझं सांगणं एवढंच, की हे आकडे एका ठरलेल्या क्रमाने वाचायचे. शुगर कुठे लो होते ते आधी पाहायचं, रात्र कशी जाते ते त्यानंतर, आणि जेवणानंतरच्या उंच टोकांकडे सर्वांत शेवटी वळायचं. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात, कारण उंच टोक आधी डोळ्यांत भरतं.

पुढे डोसचे काही हिशेब आहेत. ते डॉक्टरांपुढे बसून आपल्यासाठी तपासून घ्यावेत आणि किती युनिटपर्यंत स्वतः बदल करायचा याची मर्यादा त्यांच्याकडून लिहून घ्यावी.

सेन्सर काय मोजतो

सेन्सरची केसासारखी बारीक तार कातडीखाली असते. ती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या भोवती असलेल्या द्रवातली मोजते. साखर आधी रक्तात चढते आणि मग तिथे पोचते, म्हणून सेन्सर साधारण पाच ते दहा मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असताना याने काही बिघडत नाही. ती झपाट्याने उतरत असताना मात्र बिघडतं. सेन्सर ८५ दाखवतो तेव्हा रक्तात ती कदाचित ७० असते. उतरणीवरचा आकडा नेहमी जरा कमीच धरून चालावं.

आजचे चांगले सेन्सर प्रयोगशाळेतल्या मोजणीपासून सरासरी ९-१० टक्के इकडेतिकडे असतात. घरच्या मीटरलाही थोडी चूक माफ असते. त्यामुळे सेन्सर १४५ आणि मीटर १६० दाखवत असेल तर दोघांचंही बरोबर आहे, त्यावरून सेन्सर बदलून मागण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये डेक्सकॉम जी५ या सेन्सरच्या आकड्यावर, बोट न टोचता, इन्सुलिनचा डोस ठरवायला पहिल्यांदा परवानगी दिली. आता हीच जगभरची रीत झाली आहे.

तरी मीटर आणि पट्ट्या घरात हव्यातच. सेन्सर बसवल्यावर पहिला दिवस तो जरा बावरलेला असतो, त्या दिवशी डोस मीटर पाहून घ्यावा. अंगाला घाम आहे, डोकं हलकं झालंय आणि सेन्सर १२० म्हणतोय, तर अंगावर विश्वास ठेवून बोट टोचावं. लोवर उपचार केल्यानंतरही बोटच टोचावं. याचं कारण पुढे येईल. आणि सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबाने तिथला द्रव हलतो आणि आलेख अचानक कोसळल्यासारखा दिसतो. कूस बदलताच तो तितक्याच झटक्यात वर येतो. खरी लो अशी सरळ कड्यासारखी पडत नाही, तिला उतार असतो. असा कडा दर रात्री दिसत असेल तर पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर बसवा. या खोट्या लोमुळे रात्रीचं इन्सुलिन कमी करू नका.

औषधांचाही परिणाम होतो. फ्रीस्टाइल लिब्रेच्या काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सी ची मोठी मात्रा आकडा खोटाच वाढवते. सर्दीसाठी रोज दोन-दोन गोळ्या चघळणाऱ्यांनी आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक एकदा वाचून घ्यावं.

काही दवाखान्यांत बसवला जाणारा सेन्सर रुग्णाला काहीच दाखवत नाही. तो आकडे साठवून ठेवतो आणि चौदा दिवसांनी डॉक्टर ते रीडरने वाचून काढतात. त्यावरून रोजचा डोस ठरवता येत नाही, पण डोसची घडी बसवायला तो तितकाच उपयोगी पडतो.

कोणता तास कोणत्या सुईचा

आलेख वाचण्याआधी आपण कोणतं इन्सुलिन घेतो ते माहीत हवं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण "रात्रीचं निळं पेन" याच्या पलीकडे पुष्कळांना सांगता येत नाही. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसीन ही झटपट इन्सुलिनं दहा ते वीस मिनिटांत सुरू होतात, तासा-दोन तासांत त्यांचा जोर असतो आणि तीन ते पाच तासांत ती संपतात. बाटलीतलं जुनं पाण्यासारखं साधं इन्सुलिन सुरू व्हायला अर्धा तास घेतं आणि सहा ते आठ तास रेंगाळतं. लांब पल्ल्याच्या इन्सुलिनपैकी ग्लार्जिन दिवसभर पुरतं. डेग्लुडेक त्याहूनही लांब, ४२ तासांच्या पुढे, म्हणून त्याचा डोस बदलला तर पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस थांबावं लागतं.

आपल्याकडे मिश्र इन्सुलिन घेणारे पुष्कळ आहेत. ३०/७०ची बाटली, सकाळ-संध्याकाळ. यात ३० टक्के साधं आणि ७० टक्के दुधाळ, संथ इन्सुलिन असतं. सकाळच्या सुईतला साधा भाग न्याहारीला पुरतो आणि संथ भाग दुपारच्या जेवणाला. संध्याकाळच्या सुईतला साधा भाग रात्रीचं जेवण सांभाळतो आणि संथ भाग रात्रभर, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत जोरात चालतो.

आता आलेख पाहा. दुपारी दोनला शुगर २६० आहे आणि सकाळी अकराला ७५ पर्यंत उतरते आहे. दुपारसाठी सकाळची सुई वाढवली तर अकराची लो आणखी खोल जाईल. किंवा पहाटे दोनला ६५ आणि सकाळी सातला १९०. संध्याकाळचा डोस वाढवला तर दोनची लो वाढते, कमी केला तर सातचा आकडा वाढतो. अशा वेळी युनिटांशी खेळून उत्तर मिळत नाही, इन्सुलिनचा प्रकार किंवा वेळ बदलावी लागते. संथ भाग झोपताना वेगळा घेणं किंवा ग्लार्जिनवर जाणं, असे मार्ग डॉक्टर सुचवू शकतात. सेन्सरचा आलेख सोबत असला की हे पाच मिनिटांत पटतं. एरवी महिनोन्महिने दोन युनिट वर, दोन युनिट खाली असं चालू राहतं.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. दर मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० युनिटच्या बाटलीसाठी केशरी टोपणाची. पेनात नेहमी १००चं किंवा त्याहून तीव्र इन्सुलिन असतं. सिरिंज उलटसुलट झाली तर डोस अडीचपट वाढतो किंवा अडीचपट घटतो. नवी बाटली आणल्यापासून आलेख एकाएकी वेडावाकडा झाला असेल तर जेवणाचा दोष काढण्याआधी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहा. पेनातल्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नका.

आणखी एक जागा पाहायची ती म्हणजे स्वतःचं पोट. वर्षानुवर्षं बेंबीच्या शेजारी त्याच बोटभर जागेत सुई टोचली की कातडीखाली मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. गाठीतलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. खाणं तेच, डोस तोच आणि सात दिवसांचे सात आलेख वेगळे, असं दिसलं तर पोट हाताने चाचपून बघा. नव्या जागी टोचायला सुरुवात करताना मात्र डॉक्टरांना विचारून डोस आधी कमी करावा लागतो, कारण चांगल्या कातडीतून सगळं इन्सुलिन आत जातं.

चौदा दिवसांचा आलेख

एका दिवसाच्या आलेखावरून मूळ डोस बदलू नये. लग्नाचं जेवण, जागरण, सर्दी, पाळी, बसचा लांबचा प्रवास, सगळं त्या एका दिवसात शिरतं. चौदा दिवस घ्यावेत आणि त्यातल्या निदान ७० टक्के वेळेची नोंद असावी. या चौदा दिवसांचा एकत्रित अहवाल, ज्याला एजीपी म्हणतात, अॅप आपोआप तयार करून देतं. त्यात मधली जाड रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस, आणि तिच्या भोवतीचा पट्टा म्हणजे दिवसा-दिवसांतला फरक. पट्टा अरुंद असेल तर डोस बदलून फायदा होईल. पट्टा फार रुंद असेल तर डोस वाढवून उपयोग नाही. आधी जेवणाच्या वेळा, सुईची जागा आणि चुकलेले डोस यांच्याकडे पाहायला हवं.

लक्ष्यांबद्दल २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध झालं. बहुतेक प्रौढांसाठी दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळजवळ १७ तास, शुगर ७० ते १८० मध्ये असावी. यालाच टाइम इन रेंज म्हणतात. ७०च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासाच्या आत. ५४च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत. २५०च्या वर ५ टक्क्यांपेक्षा कमी. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले यांच्यासाठी गणित वेगळं आहे. त्यांना रेंजमध्ये ५० टक्के वेळ मिळाला तरी चालतो, पण ७०च्या खाली १ टक्काही नको. आईवडिलांची शुगर तरुण माणसासारखी १२०वर आणायचा हट्ट मुलांनी धरू नये. घरात एकट्या असलेल्या वृद्ध माणसाची रात्रीची एक लो म्हणजे न्हाणीघरात पडणं आणि मांडीचं हाड मोडणं असू शकतं. टाइप १ मधुमेह असलेल्या गरोदर बाईसाठी लक्ष्य ६३ ते १४० असं कडक असतं आणि डोस दर आठवड्याला बदलत राहतो. तिने हा लेख वाचून नव्हे, तर तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावं.

अहवाल हातात आला की आधी लाल भाग शोधा. लो कोणत्या तासाला पडते आणि तो तास कोणत्या सुईचा, हे ठरवा. तिच्या मागचं कारण उघड नसेल तर तो डोस साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरवण्याची पद्धत आहे. लो आधी मिटवायची याला भीतीखेरीज दुसरंही कारण आहे. लो झाली की शरीर स्वतःहून साखर ओततं आणि माणूसही घाबरून भरपूर खातो. त्यामागून येणारी २८०ची उसळी पाहून पुढचा डोस वाढवला जातो आणि चक्र फिरत राहतं. लो थांबली की पुष्कळदा पुढची हाय आपोआप जाते.

मग रात्र. रात्रीच्या जेवणानंतर चार-पाच तासांनी आणि न्याहारीच्या आधी अंगात फक्त लांब पल्ल्याचं इन्सुलिन असतं, म्हणून त्याची खरी परीक्षा याच वेळात होते. साधारण एक वाजल्यापासून सहापर्यंतची रेघ बघा. ती सपाट आहे, पण १७०वर सपाट आहे, तर माणूस झोपायलाच चढ्या शुगरने गेला होता. दोष रात्रीच्या जेवणाचा किंवा त्या वेळच्या सुईचा. इथेच सर्वांत जास्त चूक होते. सकाळची उपाशीपोटी शुगर १७० आली म्हणून ग्लार्जिन वाढवत नेलं जातं, वीसचं तीस, तीसचं चाळीस. झोपताना आणि सकाळ यांत ५० किंवा त्याहून जास्त उतार पडत असेल, किंवा डोस वजनाच्या दर किलोला अर्ध्या युनिटपलीकडे गेला असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० युनिटच्या वर, तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त होतंय का हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. रात्री साडेदहाला वरण-भात आणि वर दोन पेढे, याचा हिशेब ग्लार्जिनने चुकता होत नाही.

रेघ तीन-चारपर्यंत सपाट आणि मग सातपर्यंत चढती असेल तर ती पहाटेच्या हार्मोनची करामत, तिला पहाटेचा चढ म्हणतात. आणि दोनच्या सुमाराला ७०च्या खाली जाऊन मग चढत असेल तर उपाय अगदी उलटा, रात्रीचा डोस कमी करण्याचा. सेन्सर नव्हता तेव्हा हे दोन्ही सकाळी सातला सारखेच २००चे आकडे दिसायचे. तीनचा गजर लावून बोट टोचणारे फार थोडे होते.

झोपताना शुगर ठीक होती आणि तरी रेघ रात्रभर चढत गेली, तेव्हाच लांब पल्ल्याचं इन्सुलिन वाढवायचं. रीत अशी की दोन युनिट वाढवा, तीन दिवस थांबा, मग पुन्हा पाहा.

जेवणाचा डोस: आधी वेळ, मग युनिट

जेवणानंतरचं टोक कसं दिसतं ते नीट पाहायला शिका. शुगर तासाभरात २४० होते आणि चार तासांनी स्वतःहून ११५वर येते, तर डोस बरोबर आहे, वेळ चुकली आहे. इथे युनिट वाढवली तर साडेचारला लो ठरलेली. सुई जरा आधी घ्या, झटपट इन्सुलिन असेल तर पंधरा मिनिटं आणि साधं असेल तर अर्धा तास. आपल्याकडे ताट वाढून झालं की सुई घेतात, कधी पहिला घास खाल्ल्यावर आठवते. नुसती ही सवय बदलून टोक कितीतरी खाली येतं. शुगर आधीच ७०-८० असेल किंवा बाण खाली असेल तर मात्र थांबू नका. आधी जेवायला बसा.

चार तासांनंतरही शुगर २२०वरच राहिली, तर डोस कमी पडला. आणि ती तीन तासांपर्यंत ठीक राहून नंतर चढू लागली, तर ताटात तूप-तेल भरपूर होतं. पुरणपोळीचा आलेख असाच दिसतो, दुपारी आज्ञाधारक आणि संध्याकाळी चढा.

युनिट मोजण्यासाठी दोन ढोबळ नियम वापरले जातात. समजा एका माणसाला दिवसभरात सगळं मिळून ३६ युनिट लागतात. १८०० ला ३६ ने भागलं की ५० येतात, म्हणजे झटपट इन्सुलिनचं एक युनिट शुगर सुमारे ५० ने उतरवतं. साधं इन्सुलिन असेल तर १५०० ला भागतात. ५०० ला ३६ ने भागलं की जवळजवळ १४, म्हणजे एक युनिट १४ ग्रॅम कर्बोदकांना पुरतं. ही सुरुवात आहे, खरा आकडा तुमचा सेन्सर सांगेल. सकाळी तोच माणूस १० ग्रॅमला एक युनिट मागतो आणि रात्री १६ ग्रॅमला, हे सर्रास दिसतं.

कर्बोदकं मोजायला आठवडाभर स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला की पुरे, मग नजर तयार होते. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास असतात. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ७५च्या पुढे, आणि तेवढ्याच कोरड्या साबुदाण्यात ८५हून जास्त. एकादशीला "आज उपास आहे, काही खाल्लं नाही" म्हणून सुई टाळणारी आणि साबुदाण्याची खिचडी व रताळं खाणारी माणसं सेन्सरवर ३०० पाहून चकित होतात. साबुदाण्याला रोजच्या न्याहारीपेक्षा जास्त इन्सुलिन लागू शकतं. उलट कडकडीत उपास असेल तर जेवणाची झटपट सुई नको, आणि लांब पल्ल्याची किती घ्यायची ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. टाइप १ असेल तर ती कोणत्याही उपासाला पूर्ण बंद करायची नाही. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने उपास करूच नये.

बाणाचं ऐका, पण जेवणाआधी

आकड्याशेजारच्या बाणाकडे लोकांचं लक्ष कमी जातं. लिब्रेमध्ये आडवा बाण म्हणजे शुगर मिनिटाला एकाहून कमीने बदलते आहे. तिरपा म्हणजे मिनिटाला एक ते दोनने, अर्ध्या तासात ३० ते ६०. सरळ उभा म्हणजे त्याहून जास्त वेगाने. डेक्सकॉममध्ये एकेरी उभा आणि दुहेरी उभा असे आणखी टप्पे आहेत, म्हणून एका यंत्राचं कोष्टक दुसऱ्याला लावू नका.

वरच्याच माणसाचं उदाहरण घेऊ. जेवणाआधी शुगर १५०, ताटात ५६ ग्रॅम कर्बोदकं. जेवणाला चार युनिट, आणि १५० वरून १०० वर आणायला एक, अशी पाच. बाण आडवा असेल तर पाचच. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७-१८ मध्ये प्रौढांसाठी जी पद्धत सुचवली तिच्यानुसार, लिब्रे वापरणाऱ्या आणि एका युनिटने ५० उतरणाऱ्या माणसाने तिरप्या चढत्या बाणाला एक आणि उभ्या बाणाला दीड युनिट वाढवायचं, खाली जाणाऱ्या बाणांना तेवढंच वजा करायचं. म्हणजे तोच १५०चा आकडा, पण उभा चढता बाण असेल तर साडेसहा आणि उभा उतरता असेल तर साडेतीन युनिट. पेनावर अर्धं युनिट नसेल तर खालचा पूर्ण आकडा घ्या. ज्यांना एका युनिटने ७५ किंवा जास्त उतरतं, बहुतेक लहान मुलं यात येतात, त्यांच्यासाठी हे आकडे याहून लहान असतात आणि ते मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवावेत.

हे सगळं फक्त जेवणाआधी, आणि आधीच्या झटपट सुईला चार तास होऊन गेले असतील तर. मधल्या वेळात बाण वर दिसला म्हणून युनिट टोचायचं नाही. नव्याने शिकणाऱ्यांनी पहिला महिना फक्त वजाबाकी करावी, उतरत्या बाणाला डोस कमी करायचा आणि चढत्या बाणाला काही वाढवायचं नाही. मला ही वाट सर्वांत सुरक्षित वाटते.

व्यायामातही बाण उपयोगी पडतो. संध्याकाळी फिरायला निघताना ११० आणि बाण खाली, तर आधी थोडं खाऊन निघा. दिवसभर पायी चाललात, वारीला गेलात किंवा शेतात कामाचा दिवस झाला, तर त्याचा परिणाम त्या रात्रीपर्यंत टिकतो. झोपताना शुगर नेहमीसारखी असली तरी अलार्म चालू ठेवा.

लो

अलार्म ७०वर ठेवतात. वृद्धांसाठी आणि ज्यांना लो कळतच नाही त्यांच्यासाठी ८० बरा. तो वाजला की चहाचे तीन भरलेले चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोजची पावडर. बिस्किट, पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-मैद्यामुळे साखर उशिरा चढते. मग पंधरा मिनिटं थांबायचं. या पंधरा मिनिटांत सेन्सर आणखी खाली जाताना दिसेल, कारण तो मागे आहे. ते पाहून लोक आणखी तीन चमचे, मग केळं, मग पोळी खातात आणि तासाने २९० गाठतात. पंधरा मिनिटांनी बोट टोचा. ७०च्या वर आली असेल तर पुरे. जेवायला तासाहून जास्त अवकाश असेल तर थोडं काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा. घरात ग्लुकागॉन असेल आणि शिकवलं असेल तर ते द्या, नाहीतर थेट रुग्णालय.

वरच्या बाजूचा धोकाही आहे. टाइप १ असलेल्या माणसाची शुगर तासन् तास २५०च्या वर आहे, त्यात उलट्या किंवा पोटदुखी, तर सेन्सर बघत बसू नका. कीटोन तपासा आणि डॉक्टर गाठा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर शुगर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात, हे विशेष लक्षात ठेवावं.

रोज परवडत नसेल तर

सेन्सर चौदा-पंधरा दिवसांत संपतो आणि प्रत्येकाला हजारो रुपये लागतात. टाइप १च्या मुलांसाठी तो सतत असावा असं मला मनापासून वाटतं, आणि सरकारी रुग्णालयांतून तो मिळावा ही मागणी लावून धरायला हवी. टाइप २मध्ये दिवसातून एकदाच लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो. अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा लोकांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, आठ महिन्यांत सेन्सरसह ९.१ वरून ८.० वर आलं, तर बोट टोचणाऱ्यांचं ९.० वरून ८.४ वर. ज्यांना सतत लावणं शक्य नाही त्यांनी तीन-चार महिन्यांतून एकदा लावावा. डोस किंवा औषध बदललं की, रात्री घाम येऊन जाग येऊ लागली की, किंवा एचबीएवनसी आणि मीटरचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा तर जरूर. रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये एचबीएवनसी फसवं येतं आणि आपल्याकडे हे सारखं आढळतं.

त्या चौदा दिवसांत पथ्याचे पवित्र दिवस पाळू नका. नेहमीचं खा, नेहमीच्या वेळी खा, एखादा रविवार आणि एखादं बाहेरचं जेवणही येऊ द्या, नाहीतर तुमच्यापेक्षा वेगळ्याच माणसाचा आलेख निघेल. अॅपमध्ये किंवा साध्या वहीत तीन गोष्टी लिहा: सुई किती वाजता आणि किती युनिट, काय खाल्लं, किती चाललात. नोंद नसलेला आलेख डॉक्टरांनाही वाचता येत नाही. भेटीला जाताना मोबाइलबरोबर ती वही, चालू बाटली किंवा पेन आणि वापरात असलेली सिरिंज, सगळं पिशवीत घेऊन जा.